टार.जीझेड की टार.एक्सझेड? : मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या कॉम्प्रेशनचा प्रश्न

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो असे सॉफ्टवेअर, लोकांपर्यंत बहुधा एका संग्रह फाइलच्या रूपाने पोहोचते. एखादा प्रकल्प नवी आवृत्ती प्रसिद्ध करतो तेव्हा शेकडो किंवा हजारो लहानमोठ्या फाइली एकत्र करून, त्यांचा एकूण आकार कमी करून, तयार झालेली एकच फाइल सर्व्हरवर ठेवली जाते. आकार कमी करण्याच्या या क्रियेला कॉम्प्रेशन म्हणतात; तिच्या अनेक पद्धती उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी कोणती निवडावी हा निर्णय वरवर पाहता किरकोळ वाटतो. गेल्या तीन दशकांचा इतिहास पाहिला तर मात्र त्यात पेटंटचा कायदा, संगणकाची मेमरी, अनोळखी वापरकर्त्याची सोय आणि सुरक्षितता असे बरेच प्रश्न गुंतलेले दिसतात. प्रकाशक फाइल एकदाच कॉम्प्रेस करतो, पण ती उलगडण्याचे काम जगभरच्या अनोळखी संगणकांवर, कधी कधी वीस-तीस वर्षांनंतरही, होत राहते. त्यामुळे निवडीचा भार प्रकाशकापेक्षा घेणाऱ्यावर अधिक पडतो, आणि या विषयाचा विचार त्याच बाजूने करावा लागतो.

दोन वेगळी कामे

युनिक्सच्या परंपरेत फाइली एकत्र करणे आणि त्यांचा आकार कमी करणे ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात. पहिले काम 'टार' हा प्रोग्राम करतो. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला हा प्रोग्राम मुळात चुंबकीय फितीवर माहिती साठवण्यासाठी होता, म्हणून तो प्रत्येक फाइलचे नाव, मालक, परवानग्या आणि वेळ यांची नोंद करून तिच्यामागे त्या फाइलचा मजकूर ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत मांडत जातो. टार स्वतः आकार कमी करत नाही. ते दुसरे काम वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवले जाते आणि फाइलच्या नावाच्या शेवटी त्या प्रोग्रामची खूण जोडली जाते. टार.जीझेड म्हणजे जीझिपने, टार.बीझेड२ म्हणजे बीझिप२ने, टार.एक्सझेड म्हणजे एक्सझेडने आणि टार.झेडएसटी म्हणजे झेडस्टँडर्डने कॉम्प्रेस केलेला टार संग्रह होय.

विंडोजच्या वापरकर्त्यांना परिचित असलेली झिप फाइल ही दोन्ही कामे एकाच वेळी करते, पण ती प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कॉम्प्रेस करते. त्यामुळे मोठ्या संग्रहातून एखादीच फाइल चटकन काढता येते, ही तिची सोय आहे; उलट अनेक फाइलींत सारखाच मजकूर असेल, तर त्या सारखेपणाचा लाभ तिला घेता येत नाही, ही तिची मर्यादा आहे. सोर्स कोडच्या बाबतीत ही मर्यादा महत्त्वाची ठरते, कारण तेथे परवान्याचा तोच मजकूर आणि तीच घोषणावाक्ये शेकडो फाइलींच्या आरंभी आढळतात. टार पद्धतीत सगळ्या फाइली आधी सलग मांडल्या जात असल्यामुळे एका फाइलमधील पुनरावृत्ती जवळच्या दुसऱ्या फाइलमध्येही ओळखता येते.

पुनरावृत्ती ओळखण्याचे शास्त्र

येथे ज्या कॉम्प्रेशनचा विचार होत आहे त्यात मूळ माहितीचा एकही बाइट गमावला जात नाही. छायाचित्रे किंवा गाणी लहान करताना जी थोडी माहिती टाकून दिली जाते तसे येथे चालत नाही, कारण प्रोग्राममधील एक अक्षर बदलले तरी तो निकामी होऊ शकतो. अशा निर्दोष कॉम्प्रेशनचा पाया याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल या इस्रायली संशोधकांनी १९७७ आणि १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांनी घातला. १९७७च्या पद्धतीचे सूत्र असे की, जो मजकूर आधी येऊन गेला आहे तो पुन्हा न लिहिता 'इतके बाइट मागे जा आणि तेथून इतके बाइट घे' एवढीच सूचना लिहावी. जमाखर्चाच्या वहीत तोच तपशील पुन्हा न लिहिता 'वरीलप्रमाणे' असा शेरा मारला जातो, त्याच धर्तीची ही युक्ती आहे. तिच्या जोडीला डेव्हिड हफमन यांची १९५२ सालची पद्धत वापरली जाते, जीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड आणि क्वचित येणाऱ्या चिन्हाला लांब संकेत दिला जातो.

या युक्तीला किती यश मिळते हे मजकुरात पुनरावृत्ती किती आहे यावर अवलंबून असते. मराठी मजकूर याचे चांगले उदाहरण आहे. युटीएफ-८ या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, परंतु त्यांतील पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनपैकी एक असतो. खरा वेगळेपणा मुख्यतः तिसऱ्या बाइटमध्ये असतो. म्हणून मराठी भाषांतराच्या फाइली साठवताना इंग्रजीपेक्षा बऱ्याच मोठ्या दिसल्या, तरी कॉम्प्रेस केल्यावर हा फरक पुष्कळ कमी होतो.

मागे किती अंतरापर्यंत पाहायचे, हा प्रत्येक पद्धतीतील कळीचा प्रश्न असतो. जास्त मागे पाहिले तर जास्त पुनरावृत्ती सापडते, पण तेवढा मजकूर मेमरीत ठेवावा लागतो, आणि हा खर्च कॉम्प्रेस करणाऱ्याप्रमाणेच उलगडणाऱ्यालाही येतो. पुढे आलेल्या पद्धतींतील पुष्कळसा फरक या एका मुद्द्याशी जोडलेला आहे.

पेटंटच्या धाकातून आलेले जीझिप

१९९१ साली लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा ती टार.झेड स्वरूपात होती, म्हणजे युनिक्सवरील 'कॉम्प्रेस' या प्रोग्रामने लहान केलेली होती. हा प्रोग्राम एलझेडडब्ल्यू नावाची पद्धत वापरत असे, जी टेरी वेल्च यांनी १९८४ साली झिव्ह आणि लेम्पेल यांच्या दुसऱ्या निबंधाच्या आधारे मांडली होती. अडचण अशी होती की या पद्धतीवर अमेरिकेत पेटंट दिले गेले होते आणि ते पुढे युनिसिस या कंपनीकडे आले. सर्वांना मुक्तपणे वापरता यावे म्हणून लिहिलेले सॉफ्टवेअर ज्या स्वरूपात वाटायचे तेच स्वरूप परवानगीच्या बंधनात असावे, ही विसंगती मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पाला मान्य होण्यासारखी नव्हती.

यावरचा उपाय म्हणून ज्याँ-लू गाइयी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ साली जीझिप तयार केले. त्यात त्यांनी डिफ्लेट ही पद्धत वापरली, जी फिल काट्झ यांनी आपल्या पीकेझिप या प्रोग्रामसाठी रचली होती आणि जी १९७७च्या झिव्ह-लेम्पेल पद्धतीला हफमन संकेतांची जोड देते. डिफ्लेट जास्तीत जास्त ३२ किलोबाइट मागे पाहते, त्यामुळे तिला मेमरी अगदी थोडी लागते. १९९६ साली डिफ्लेट आणि जीझिप या दोहोंचे तपशीलवार वर्णन इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून कोणालाही स्वतंत्रपणे हे स्वरूप उलगडणारा प्रोग्राम लिहिणे शक्य झाले. वेब सर्व्हर पाने पाठवताना जीझिप वापरतात आणि पीएनजी चित्रे डिफ्लेटनेच लहान केलेली असतात, म्हणून ही पद्धत माहीत नसलेला संगणक आज शोधून सापडणे कठीण आहे.

एलझेडडब्ल्यूचे अमेरिकी पेटंट जून २००३मध्ये संपले, पण तोवर कॉम्प्रेस प्रोग्रामचे महत्त्व उरले नव्हते. तरीही जीझिपच्या कर्त्यांनी आपल्या प्रोग्रामला जुन्या टार.झेड फाइली उलगडण्याची क्षमता आरंभापासूनच दिली होती, आणि ती आजही कायम आहे. नवे स्वरूप आणताना जुन्याची वाट बंद न करण्याचा हा विचार जीझिपच्या दीर्घायुष्याला पोषक ठरला.

अधिक लहान होण्याची चढाओढ

१९९६ साली ज्युलियन सिवर्ड यांनी आणलेल्या बीझिप२ने वेगळा मार्ग धरला. मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांनी १९९४ साली मांडलेल्या रूपांतराचा त्यात उपयोग केला आहे. हे रूपांतर जास्तीत जास्त ९०० किलोबाइटच्या तुकड्यातील बाइटांचा क्रम अशा रीतीने बदलते की सारखी चिन्हे शेजारी येतात, आणि मग ती थोडक्यात लिहिणे सोपे जाते. सोर्स कोडसारख्या मजकुरावर बीझिप२ जीझिपपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले, पण उलगडताना ते बरेच संथ असे. त्याची पूर्वज असलेली बीझिप ही पद्धत अंकगणितीय संकेतन वापरत होती आणि त्यावरही पेटंटचे सावट असल्यामुळे सिवर्ड यांनी बीझिप२मध्ये हफमन संकेतांचा आश्रय घेतला, हे त्या काळच्या परिस्थितीचे द्योतक आहे.

बीझिप२चे स्थान पुढे एक्सझेडने घेतले. त्याच्या गाभ्याशी इगोर पावलोव यांनी आपल्या ७-झिप प्रोग्रामसाठी रचलेली एलझेडएमए ही पद्धत आहे. ती मुळात १९७७च्याच कुळातील आहे, पण तिची मागे पाहण्याची कक्षा फार मोठी आहे: एक्सझेडच्या नेहमीच्या सहाव्या पातळीवर ही कक्षा ८ मेबीबाइट असते आणि नवव्या पातळीवर ६४ मेबीबाइट. एक्सझेडच्याच माहितीपत्रकानुसार नवव्या पातळीवर कॉम्प्रेस करण्यास ६७४ मेबीबाइट आणि उलगडण्यास ६५ मेबीबाइट मेमरी लागते. आजच्या लॅपटॉपला हे आकडे क्षुल्लक असले, तरी घरातील लहान राउटरमध्ये कधी कधी एकूण मेमरीच ६४ मेगाबाइट असते, आणि तेथे नवव्या पातळीची फाइल उलगडणे अशक्य होते. सहाव्या पातळीवर उलगडण्यास मात्र सुमारे ९ मेबीबाइट पुरतात, म्हणून आकारातील किंचित लाभासाठी सर्वांत वरची पातळी निवडणे नेहमीच शहाणपणाचे नसते.

लिनक्स कर्नलसारख्या प्रचंड प्रकल्पात एक्सझेडचा लाभ ठळकपणे दिसतो. कर्नलच्या अलीकडच्या आवृत्त्यांची टार.एक्सझेड फाइल साधारण १३० ते १५० मेगाबाइटची असते, आणि त्याच आवृत्तीची टार.जीझेड फाइल तिच्या जवळजवळ दीडपट भरते. कर्नलच्या अधिकृत वितरण केंद्राने २०१३च्या अखेरीस बीझिप२ बंद करून जीझिप आणि एक्सझेड एवढी दोनच स्वरूपे ठेवली. या निर्णयामागचे तर्कशास्त्र सोपे आहे: ज्याला सर्वत्र चालणारी फाइल हवी त्याच्यासाठी जीझिप आहे, ज्याला लहान फाइल हवी त्याच्यासाठी एक्सझेड आहे, आणि बीझिप२ या दोहोंपैकी कोणत्याच कसोटीवर पहिले येत नाही.

झेडस्टँडर्ड आणि वेळेचा हिशेब

यान कोले यांनी फेसबुकमध्ये काम करताना विकसित केलेल्या झेडस्टँडर्डची १.० आवृत्ती २०१६ साली आली आणि तुलनेचा रोख आकाराकडून वेळेकडे वळला. या पद्धतीत कॉम्प्रेशनच्या अनेक पातळ्या आहेत, पण कोणत्याही पातळीची फाइल उलगडण्याचा वेग फारसा बदलत नाही आणि तो एक्सझेडच्या कितीतरी पट असतो. आर्च लिनक्स या लिनक्स वितरणाने जानेवारी २०२०मध्ये आपली पॅकेजे एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेल्याचे जाहीर केले तेव्हा दिलेले आकडे बोलके आहेत: सर्व पॅकेजांचा एकत्रित आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, पण उलगडण्याचा वेग सुमारे १,३०० टक्क्यांनी सुधारला.

हे उदाहरण सोर्स कोडच्या प्रकाशनाला जसेच्या तसे लागू करता येत नाही. पॅकेज म्हणजे थेट बसवण्यासाठी तयार केलेला प्रोग्राम; तो लाखो संगणकांवर प्रत्येक अद्ययावतीकरणाच्या वेळी उलगडला जातो आणि तो उलगडणारे साधन त्याच वितरणाच्या हाती असते. सोर्स कोडची फाइल मात्र तुलनेने कमी लोक घेतात, ती उलगडल्यानंतर प्रोग्राम घडवण्यात कितीतरी अधिक वेळ जातो, आणि घेणाऱ्याकडे कोणते साधन आहे हे प्रकाशकाला ठाऊक नसते. स्वतःच्या परिघाबाहेर गेल्यावर काय होते हे उबुंटूच्या अनुभवातून दिसते: २०२१ साली उबुंटूने आपल्या डेब पॅकेजांत झेडस्टँडर्ड वापरण्यास सुरुवात केली, पण डेबियनच्या त्या वेळच्या स्थिर आवृत्तीतील साधनाला ते स्वरूप कळत नसल्यामुळे नावाने सारखीच असलेली ही पॅकेजे तेथे उघडत नव्हती. डेबियनमध्ये ही सोय २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत आली.

फाइल तीच आहे याची खात्री

कॉम्प्रेस केलेली फाइल खरोखर प्रकाशकाचीच आहे हे घेणाऱ्याला पडताळता आले पाहिजे. त्यासाठी चेकसम, म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेली आणि एक बाइट बदलला तरी पूर्णपणे बदलणारी संख्या, वापरली जाते, आणि तिच्या जोडीला प्रकाशकाची डिजिटल स्वाक्षरी असते. या स्वरूपांच्या आत स्वतःची एक लहान तपासणी असतेच, पण ती वाटेत झालेली चुकून मोडतोड ओळखण्यासाठी असते; जाणूनबुजून केलेला बदल तिला रोखता येत नाही.

येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. तोच सोर्स कोड दोनदा कॉम्प्रेस केला तर दोन्ही फाइली बाइट-बाइट सारख्या येतीलच असे नाही. जीझिप आपल्या शीर्षभागात फाइलचे नाव आणि वेळ लिहू शकते, टार फाइलींचा क्रम आणि मालक नोंदवते, आणि कॉम्प्रेशन प्रोग्रामची आवृत्ती बदलली तरी परिणाम बदलू शकतो. ३० जानेवारी २०२३ रोजी याचा मोठा प्रत्यय आला. गिट या साधनाने संग्रह तयार करताना बाहेरचा जीझिप प्रोग्राम वापरण्याऐवजी स्वतःच्या आतील सोय वापरण्यास सुरुवात केली होती. हा बदल गिटहब या सोर्स कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर लागू होताच तेथे आपोआप तयार होणाऱ्या टार.जीझेड फाइलींचे चेकसम बदलले, आणि त्या चेकसमवर विसंबलेली अनेक प्रकल्पांची बांधणी थांबली. आतील सोर्स कोडचे एक अक्षरही बदलले नव्हते. गिटहबला तो बदल लगेच मागे घ्यावा लागला.

कर्नलच्या वितरण केंद्राने या प्रश्नावर शोधलेला उपाय विशेष उल्लेखनीय आहे. तेथे स्वाक्षरी कॉम्प्रेस केलेल्या फाइलवर केली जात नाही, ती मूळ टार फाइलवर केली जाते. घेणारा आधी फाइल उलगडतो आणि मग स्वाक्षरी तपासतो. त्यामुळे एकच स्वाक्षरी जीझिप आणि एक्सझेड या दोन्ही फाइलींना चालते. त्याची किंमत एवढीच की, स्वाक्षरी तपासण्यापूर्वी अनोळखी फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रामच्या हाती द्यावी लागते, म्हणून तो प्रोग्राम स्वतः विश्वासार्ह असणे आवश्यक ठरते.

हा विश्वास किती नाजूक असू शकतो हे २०२४ साली उघड झाले. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याने जाहीर केले की, एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात गुपचूप शिरण्याची वाट, बसवण्यात आला आहे. दूरस्थ लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना त्यांना हे आढळले. 'जिया तान' हे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने दोनएक वर्षे प्रकल्पाला मदत करून त्याच्या देखभालीत स्थान मिळवले होते. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या कॉम्प्रेस फाइलींत दडवलेला होता, आणि त्याला जागे करणारी आज्ञा सोर्स कोडच्या सार्वजनिक भांडारात नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टार फाइलींत होती. बहुतेक वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो भाग पोहोचण्यापूर्वीच तो सापडला.

या घटनेवरून एक्सझेडची पद्धत सदोष आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एलझेडएमएच्या गणिताशी या हल्ल्याचा काहीही संबंध नव्हता. त्यातून निघणारा धडा असा की, कॉम्प्रेशनचे स्वरूप निवडणे म्हणजे ते उलगडणाऱ्या प्रोग्रामवर आणि त्याची देखभाल करणाऱ्या मोजक्या, बहुधा बिनपगारी, माणसांवर आपल्या सर्व वापरकर्त्यांच्या वतीने विश्वास टाकणे होय. प्रसिद्ध केलेली फाइल आणि सार्वजनिक भांडारातील सोर्स कोड यांत फरक नसावा आणि तो कोणालाही तपासता यावा, ही अपेक्षाही या घटनेनंतर अधिक आग्रहाने मांडली जाऊ लागली.

निवडीचे निकष

या सर्वांचा विचार करता नव्या प्रकल्पाने टार.जीझेडपासून सुरुवात करणे हेच बहुतेक वेळा योग्य ठरते. पायथनचे पॅकेज भांडार, जावास्क्रिप्टचे एनपीएम आणि रस्टचे क्रेट या तिन्ही व्यवस्था सोर्स कोडसाठी आजही जीझिपवरच चालतात. काही मेगाबाइटच्या प्रकल्पात एक्सझेडने वाचणारी जागा एखाद्या छायाचित्राएवढीही नसते. फाइल याच्या दहापट मोठी असेल, किंवा ती सतत उतरवून घेतली जात असेल, तर टार.जीझेडच्या जोडीला टार.एक्सझेड द्यावी; उलगडण्याचा वेग निर्णायक असेल आणि घेणाऱ्यांची साधने नवी असल्याची खात्री असेल, तर टार.झेडएसटीचा विचार करावा. बीझिप२ नव्याने स्वीकारण्याचे आता कारण उरलेले नाही. सामान्य विंडोज वापरकर्ता हा मुख्य वाचक असेल तर झिप ठेवणे रास्त आहे. २०२३पासून विंडोज ११ टार कुळातील स्वरूपेही उघडते, पण जुने संगणक अद्याप पुष्कळ आहेत.

दोनपेक्षा अधिक स्वरूपे देण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक जादा फाइलबरोबर चेकसम, स्वाक्षरी आणि चुकीची शक्यता वाढते. संग्रह तयार करताना फाइलींचा क्रम, वेळ आणि मालक ठरावीक ठेवावेत, जीझिपला नाव आणि वेळ न लिहिण्याची सूचना द्यावी, आणि वापरलेली आज्ञा सोर्स कोडबरोबरच प्रसिद्ध करावी, म्हणजे कोणालाही तीच फाइल पुन्हा घडवून पडताळता येईल. एकदा निवडलेले स्वरूप सबळ कारणाशिवाय बदलू नये, आणि बदलायचे झाले तर किमान एका आवृत्तीपुरती जुनी आणि नवी अशी दोन्ही स्वरूपे सोबत द्यावीत. फाइल काही टक्क्यांनी लहान करण्यापेक्षा ती सर्वांना उघडता येणे आणि पडताळता येणे हे प्रकाशकाचे पहिले कर्तव्य आहे.